सगळ्यांना परवानगी

परवानगी नाकारली.

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी ही दोन शब्दांची ओळ माझ्या पडद्यावर आली. पुढच्या अर्ध्या तासात मी ती अकरा वेळा आणली. अकरा हा आकडा मी नंतर नोंदींमधून मोजला. त्या वेळी फक्त एवढंच जाणवत होतं की लॅबच्या प्रमुख मॅडम माझ्या मागे उभ्या आहेत आणि बुटाच्या टोकाने फरशीवर ठेका धरतायत.

आमची लॅब नवजात बाळांचं रक्त तपासते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बाळाच्या टाचेतून चार थेंब जाड कागदाच्या कार्डावर घेतात, वाळवतात आणि ते कार्ड आमच्याकडे येतं. आम्ही सात आजार शोधतो. सातही असे, की बाळ दिसायला ठणठणीत असतं आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी स्वतः रक्ताला हात लावत नाही. शिक्षण भौतिकशास्त्राचं, काम इथल्या संगणकांचं.

कार्डाला नंबर देणं, यंत्रांकडून निकाल घेणं, काही वावगं दिसलं तर बाळांच्या डॉक्टरांना ताबडतोब कळवणं, हे सगळं करणारा प्रोग्रॅम अठरा वर्षांचा आहे. तो ज्या संगणकावर चालायचा तसा संगणक आता भंगारातही मिळत नाही. म्हणून तो अख्खा संगणकच आम्ही एका फाइलमध्ये भरून ठेवलाय. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लॅबमध्ये सगळे आजोबा म्हणतात. आजोबांची फाइल असते सामायिक स्टोरेजवर, म्हणजे दुसऱ्या इमारतीतल्या एका मोठ्या पेटीत. एखाद्या सर्व्हरने नेटवर्कवरून ती उघडायची आणि आजोबांना स्वतःच्या अंगावर चालवायचं.

शुक्रवारी संध्याकाळी मी जुन्या सर्व्हरवर आजोबांना झोपवलं आणि सर्व्हर बंद केला. सोमवारी त्यांना नव्या सर्व्हरवर उठवायचं होतं. आणि आता स्टोरेज त्यांच्या फाइलला हात लावू देत नव्हतं.

"किती वेळ?" मॅडम म्हणाल्या.

"बघतेय."

"सव्वादहाला कार्डं येतील. आज दोन दिवसांची आहेत."

स्टोरेज माझ्या ताब्यात नाही. ते कुलूपकाकांच्या ताब्यात. हे नाव त्यांना कधी पडलं कोणाला आठवत नाही, पण का पडलं हे सगळ्यांना माहीत आहे. काका कोणालाही कशाचीही परवानगी सहज देत नाहीत. माझ्याकडे नव्या सर्व्हरचे सर्वाधिकार आहेत; पण नेटवर्क ओलांडून काकांच्या पेटीपाशी पोचले की माझा दर्जा 'कोणीही नाही' एवढाच उरतो. तिथल्या वापरकर्त्यांच्या यादीत मला खरोखर तेच नाव आहे. काकांनीच ते दाखवलं होतं आणि वर म्हणाले होते, "मनाला लावून घेऊ नकोस, शास्त्रज्ञ. माझ्या घरीही माझं तेच आहे."

मी काकांना फोन लावला. काकूंनी उचलला.

"अगं, त्यांच्या डोळ्याचं काल झालं ना ऑपरेशन. पट्टी आहे. फोनला हात लावायचा नाही म्हणून मीच घेऊन बसलेय."

"काकू, फक्त दोन मिनिटं. ते ऐकू तर शकतात ना?"

"ऐकू शकतात, पण ऐकत नाहीत, तोच तर त्रास आहे. आत्ता झोपलेत. साडेदहाला डॉक्टर पट्टी काढणार. मग करायला सांगते हं, नक्की."

साडेदहा. म्हणजे एक तास.

मॅडमना सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "म्हणजे काकांचा डोळा उघडेपर्यंत आपण डोळे मिटून बसायचं? तुला त्यांच्याशिवाय एक फाइल उघडता येत नाही?"

हे मला लागलं. लागायला नको होतं.

अशा प्रसंगासाठी मॅडमच्या कपाटात एक बंद पाकीट असतं. त्यात स्टोरेजचा मुख्य पासवर्ड. आम्ही दोघींनी सही करून ते फोडलं आणि मी पहिल्यांदाच काकांच्या पेटीत शिरले.

आत कारण लगेच दिसलं. स्टोरेज माणसांना आणि सर्व्हरना नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतं. प्रत्येक फाइल कोणत्या तरी नंबराच्या मालकीची. आजोबांची फाइल ९९९९ च्या मालकीची होती. हा नंबर ना जुन्या सर्व्हरचा, ना नव्याचा. आमच्याकडे कोणाचाच नव्हता.

मी निष्कर्ष काढला, की काकांचा हात चुकला. शुक्रवारी बिचाऱ्यांना नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदू पिकला होता, आकडा भलताच पडला.

मी मालकी नव्या सर्व्हरच्या नंबरावर केली. परवानगी नाकारली. पाहिलं तर ती फाइल ज्या फोल्डरमध्ये होती तेही ९९९९ च्या मालकीचं. ते बदललं. परवानगी नाकारली. त्याच्या बाहेरचं फोल्डर, तेही ९९९९. काकांनी एकात एक तीन दारं लावून घेतली होती.

अधू डोळ्यांचा माणूस एकदा चुकतो. तीन वेळा, त्याच आकड्याने, चुकत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असे तीन सारखे आकडे लिहून 'योगायोग' म्हटलं असतं तर मी वही परत केली असती. पण मागे बूट वाजत होता. मी एक-एक दार उघडत बसले नाही. एकच आज्ञा दिली: तिन्ही दारं, सगळ्यांना, सगळी परवानगी. वाचायची, लिहायची, चालवायची. अशी आज्ञा देऊ नये हे मी इतरांना शिकवते.

नऊ अठ्ठावन्नला आजोबा उठले. त्यांचा जुनाट निळा पडदा आला, आणि लॅबमध्ये कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"बघ, होतं की नाही?" मॅडम म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या.

सव्वादहाला कार्डं आली. घेण्याच्या दोन खिडक्या आहेत, दोन्हीकडे एकेक संगणक, एकेक लेबल छापायचं यंत्र. पहिल्या खिडकीवर टेक्निशियन ताई बसतात. त्या इथे सगळ्यांच्या आधीपासून आहेत. कार्ड वाचायचं, आजोबांकडून नंबर घ्यायचा, लेबल चिकटवायचं, ट्रेमध्ये ठेवायचं. दोन खिडक्यांचे दोन ट्रे.

पावणेअकराला काकांचा फोन आला. आवाज प्रसन्न होता.

"काय शास्त्रज्ञबाई! पट्टी निघाली. काकूला पहिल्यांदा स्पष्ट पाहिलं. ती म्हणते, आता परत बांधा."

मी हसले. "काका, झालं माझं काम. पाकीट फोडलं. आजोबा सुरू आहेत."

काकांनी लगेच विचारलं, "जुना बंद आहे ना?"

"शुक्रवारी मीच बंद केला."

"ते शुक्रवारचं झालं. काल तिकडे वीज गेली होती म्हणे. आता बंद आहे का?"

मी तिथूनच जुन्या सर्व्हरला हाक मारून पाहिली. उत्तर नाही. "बंद आहे. उत्तर देत नाही."

"मी एका डोळ्याने सांगतोय, तू दोन डोळ्यांनी बघून ये. खाली जा."

"जाते, काका."

जुना सर्व्हर तळघरात. चार जिने, किल्ली पहारेकऱ्याकडे. मी उठलेही होते. तेवढ्यात दुसऱ्या खिडकीच्या यंत्रात लेबलांची गुंडाळी अडकली आणि मला हाक आली. मग आईचा फोन आला. धाकटी बहीण बाळंत होऊन तीन आठवडे झाले होते आणि ती आमच्याकडेच होती. आईने फ्रिजवर एक कागद लावला होता. बाळाला कधी पाजलं, किती वेळ, सगळं त्यावर. "येताना पेन आण गं," आई म्हणाली, "या घरातली सगळी पेनं बाळाने पळवलीत." मी बरं म्हटलं. नंतर तळघर माझ्या डोक्यातून गेलं. खरं तर गेलं नव्हतं. मी ते बाजूला ठेवलं होतं, कारण मला उत्तर माहीत आहे असं मला वाटत होतं.

बारा चाळीसला आजोबांनी गजर दिला. सातांपैकी एक आजार. त्यात बाळाला दुधातली साखर पचवता येत नाही. यकृतावर, मेंदूवर परिणाम होतो. त्या बाळाला आईचं दूधसुद्धा चालत नाही. पडद्यावर नंबर ४४३१, शेजारी आईचं नाव, फोन नंबर. बाळांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत फोन लावला. दूध ताबडतोब थांबवा, बाळाला घेऊन या.

आई, आजी आणि बाळ दीड वाजता आले. काचेतून मला ते कॉरिडॉरमध्ये दिसत होते. बाळ भुकेने किंचाळत होतं आणि आईच्या कुर्त्यावर दोन ओले डाग पसरत चालले होते. आजी तिला म्हणत होती, "रडू नकोस गं, बघून मलाही रडू येतं, मग बाळाला कोण घेणार?" आणि मी? मला त्या वेळी समाधान वाटत होतं. मी काकांची वाट पाहत बसले असते तर कार्डं उशिरा गेली असती, हे उशिरा कळलं असतं. असं मी मनात मांडलंही. ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्या बाळाच्या ताज्या रक्ताचा निकाल आला. पूर्ण निर्दोष.

डॉक्टर कागद घेऊन ताईंकडे आले. "ताई, हे कसं? कार्डावर एवढा मोठा दोष आणि रक्तात काहीच नाही?"

"कार्ड परत तपासणीला लावते," ताई म्हणाल्या आणि ट्रेमध्ये ४४३१ शोधू लागल्या. पहिल्या ट्रेमध्ये ते मिळालं. त्या वळल्या आणि थांबल्या. दुसऱ्या ट्रेकडे वाकल्या. मग दोन्ही हातांत एकेक कार्ड घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

दोन्ही कार्डांवर ४४३१ होतं. नावं वेगळी.

"आजोबांना म्हातारचळ लागला की काय?" त्या हळूच म्हणाल्या. पण विनोद करायचा म्हणून नाही.

मी जिने उतरले. कसे, ते आठवत नाही. पहारेकऱ्याने किल्ली शोधायला वेळ लावला. दार उघडायच्या आधीच आतून पंख्यांची घरघर ऐकू येत होती.

जुना सर्व्हर चालू होता. रविवारी वीज गेली, आली, आणि वीज आली की आपोआप उठायचं ही त्याची सवय मी बदलली नव्हती. शुक्रवारी त्याच्या मागची एक वायर मी काढली होती. ज्या वायरवरून मी त्याच्याशी बोलते ती. म्हणून सकाळी त्याने उत्तर दिलं नाही. स्टोरेजकडे आणि लॅबकडे जाणारी दुसरी वायर तशीच होती. आणि त्यात मी दोन वर्षांपूर्वी लिहिलेली एक छोटीशी आज्ञा होती: आजोबा झोपलेले दिसले तर दर पाच मिनिटांनी त्यांना उठवून बघ. लॅबचं काम एक मिनिटही थांबू नये म्हणून. मॅडमनी तेव्हा माझं कौतुक केलं होतं.

रविवारपासून दर पाच मिनिटांनी तो काकांच्या दारावर धडका देत होता आणि दार त्याला नाकारत होतं. मी सगळ्यांना परवानगी दिली ती नऊ सत्तावन्नला. दहा वाजता तो आत आला. फाइल दुसरा कोणी वापरतोय का, हे विचारण्याइतकी त्याची प्रणाली नवी नाही. त्या क्षणापासून एकाच फाइलवर दोन आजोबा जागे होते. दोघांचा नेटवर्कवर पत्ता एकच. एक खिडकी एकाशी बोलत होती, दुसरी दुसऱ्याशी. दोघंही शुक्रवारच्या शेवटच्या नंबरापासून पुढे नंबर देत होते. एकूण सव्वीस नंबर दोनदा दिले गेले.

मी विजेची वायर ओढली. घरघर थांबायला चार-पाच सेकंद लागले.

वर ताईंनी दुसरं कार्ड तपासायला घेतलं होतं, पण डॉक्टर निकालासाठी थांबले नाहीत. कार्डावरच्या हाताने लिहिलेल्या नंबरावर ते फोन लावत होते. फोन वाजत राहिला. उचलला नाही. पुन्हा. पुन्हा.

मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहिले. आमच्या फ्रिजवरचा कालचा कागद मला पाठ झाला होता: सहा दहा, आठ पंचेचाळीस, अकरा वीस. अडीच तासांचं अंतर. बारा चाळीसला खऱ्या बाळाचं नाव यायला हवं होतं. आता पावणेचार वाजत होते. म्हणजे एक पाजणं नक्की झालं. कदाचित दुसरं आत्ता, या क्षणी, चालू असेल. बाळ झोपलं असेल म्हणून आईने फोनचा आवाज बंद ठेवला असेल. माझी बहीण तसंच करते.

"माझ्याकडे द्या," ताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावला. मग कार्डावरच्या दवाखान्याला. मग तिथल्या नर्सला. नर्सकडे नवऱ्याच्या कामाच्या ठिकाणचा नंबर होता. चार वाजून पस्तीस मिनिटांनी नवरा सापडला. ताई त्याच्याशी अगदी सावकाश बोलल्या. "दादा, घाबरू नका. आधी घरी शेजाऱ्यांना फोन करा. दार वाजवायला सांगा. बाळाला दूध द्यायचं नाही, एवढंच सांगा. हो, आईचंही नाही. का ते मी समजावते, आधी फोन करा."

सहाला दहा कमी असताना ते आले. मुलगी होती, सहा दिवसांची. पहिलं बाळ किंचाळत होतं, ही शांत होती. डॉक्टरांना ते आवडलं नाही, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. त्यांनी तिचे डोळे पाहिले, पोट चाचपलं. कातडीवर पिवळी झाक होती.

"शेवटचं दूध कधी?"

"साडेचारला," आई म्हणाली. "आज फार झोपतेय. दीडला पण मीच उठवून पाजलं. तिची आजी म्हणाली, झोपू नको देऊस, वजन वाढायला हवं."

दीड आणि साडेचार. दोन पाजणं. दुसरं संपता संपताच दार वाजलं होतं.

ताज्या रक्ताच्या निकालाने उरलीसुरली शंका मिटवली. मुलीला वरच्या मजल्यावर दाखल केलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. मी कोण हे त्यांना माहीत होतं, चूक कोणाची तेही एव्हाना माहीत असणार.

"यकृत सुजलंय," ते म्हणाले. "पण दूध बंद झालं की बहुतेक उतरतं."

"आजच्या दोन पाजण्यांनी..."

त्यांनी चष्मा पुसला. "दोन पाजण्यांनी सहसा फरक पडत नाही."

"सहसा."

"हो," ते म्हणाले. "सहसा."

मॅडम खाली त्यांच्या खोलीत घटनेचा अहवाल उघडून बसल्या होत्या. उरलेल्या पंचवीस जोड्यांची कार्डं पुन्हा लागली होती, ताई आणि आणखी तिघी थांबल्या होत्या. मॅडमचा चेहरा थकलेला होता. "कारणाच्या रकान्यात वीज गेल्याचं लिहूया," त्या म्हणाल्या. "खोटं नाही ते. वीज गेली नसती तर काहीच झालं नसतं."

"वीज रविवारी गेली, मॅडम. मी सोमवारी नऊ सत्तावन्नला दार उघडलं."

"मी घाई केली तुला."

"केलीत. पण काकांनी बघून ये म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही तिथे नव्हता."

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी वेळा लिहिल्या, क्रमाने. एक तास थांबले नाही. मालकीचा आकडा तीनदा सारखा दिसला, तरी चूक समजले. जुना सर्व्हर प्रत्यक्ष पाहिला नाही. मॅडमनी वाचलं, आणि पहिल्या ओळीच्या आधी स्वतः एक ओळ घातली: पाकीट माझ्या सांगण्यावरून फोडलं.

निघताना काकांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"मुलगी कशी आहे?"

"दाखल आहे."

"मी चिठ्ठी लिहायला हवी होती," ते म्हणाले. "जुना पक्का बंद असल्याशिवाय कोणी फाइल उघडू नये म्हणून शुक्रवारी कुलूप घातलं आणि गेलो. म्हटलं, कुलूप दिसलं की माणूस थांबेल. तीस वर्षं चिठ्ठी लिहिली नाही मी."

"मी चिठ्ठी वाचूनही थांबले असते की नाही, माहीत नाही, काका."

"थांबली असतीस," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून की खरंच, ते कळलं नाही.

रात्री उशिरा घरी पोचले तेव्हा बहीण खिडकीपाशी बसून बाळाला पाजत होती. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पेन आणलंस का?"

आणलं नव्हतं. माझ्या पर्समध्ये लॅबचं एक होतं, लेबलांवर खुणा करायचं, जाड शाईचं. बहिणीने मान न वळवता सांगितलं, "ताई, मघाचं राहिलंय, लिही ना. सात वीस. डावीकडे, बारा मिनिटं."

मी फ्रिजपाशी गेले. कागदावर त्या दिवसाच्या वेळा होत्या. अकरा पाच. त्याखाली एक पन्नास. त्याखाली चार पस्तीस. लॅबमधल्या ताईंना त्या मुलीचे बाबा सापडले ती वेळ. बारा मिनिटं, आईच्या गोल अक्षरात.

"लिहिलंस?" बहिणीने विचारलं.

"लिहितेय."

पेनाचं टोपण निघत नव्हतं. मी ते दातांनी काढलं आणि चार पस्तीसच्या खाली सात वीस लिहिलं. शाई जाड होती. कागदापलीकडे, फ्रिजच्या दारावरही उमटली असावी.